मिसेस फिस्क यांच्या तारखा

नाटकाच्या धंद्यात ‘तारीख’ हा साधा शब्द नाही. नाटक उत्तम बसलं आहे, नट तयार आहेत, नेपथ्य रंगवून झालं आहे आणि नाट्यगृहाची तारीखच मिळाली नाही, तर ते नाटक तालमीच्या हॉलमध्येच मरतं. शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार कुणाच्या वाट्याला येते यावर निर्मात्यांचे संसार उभे राहतात आणि मोडतात. मराठी नाटकाशी थोडाफार संबंध आलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच मिनी मॅडर्न फिस्क या अमेरिकन अभिनेत्रीची गोष्ट आपल्या वाचकाला चटकन उमगेल असं मला वाटतं. एके काळी अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या चांगल्या थिएटरांच्या तारखा सहा माणसांच्या हातात गेल्या होत्या. देशातल्या नामवंत नटांनी एकेक करून त्यांच्यापुढे मान तुकवली. या बाईंनी जवळजवळ बारा वर्षं तुकवली नाही.

त्यांचं जन्मनाव मारी ऑगस्टा डेव्ही. 19 डिसेंबर 1865 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याच वर्षी संपलं होतं. वडील टॉमस डेव्ही फिरत्या नाटक कंपन्या चालवायचे आणि आई लिझी मॅडर्न नटी होती, संगीतातही जाणकार होती. अशा घरातल्या मुलाला रंगभूमीवर यायचं की नाही हे कुणी विचारत नसे. मिनी तीन वर्षांची असताना आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक या गावी शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क म्हणून उभी राहिली. 1870 मध्ये ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली, तेव्हा तिचं वय पाचसुद्धा पूर्ण नव्हतं. पुढची सगळी वर्षं आगगाडी, हॉटेलातल्या खोल्या, पेट्या आणि रात्रीचा प्रयोग यांत गेली. शाळा झाली ती मुक्काम लांबला तेवढीच. तिने आडनाव घेतलं ते आईच्या माहेरचं.

1882 मध्ये ‘फॉग्ज फेरी’ या नाटकातून ती न्यूयॉर्कमध्ये नायिका म्हणून आली आणि 1884 च्या ‘कॅप्रिस’मुळे गावोगाव ओळखीची झाली. लाल केसांची, लहानखुरी, अल्लड पोरगी. हसायचं, रुसायचं, मधेच एक गाणं म्हणायचं. प्रेक्षकांना तेवढं पुरत होतं. लीग्रँड व्हाइट या संगीतकाराशी झालेलं पहिलं लग्न टिकलं नाही. 1890 मध्ये तिने हॅरिसन ग्रे फिस्क यांच्याशी लग्न केलं आणि रंगभूमी सोडली. चोविसाव्या वर्षी, एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर, एका नटीची ही निवृत्ती. तिथेच सगळं थांबलं असतं तर आज तिचं नाव कुणी घेतलं नसतं.

हॅरिसन फिस्क ‘न्यूयॉर्क ड्रॅमॅटिक मिरर’ या नाट्यविषयक साप्ताहिकाचे संपादक होते. कोणत्या कंपनीचा मुक्काम कुठे आहे, कुणाला नट हवा आहे, कुठलं थिएटर रिकामं आहे, हे सगळं या साप्ताहिकात छापून येई आणि देशभरची नाटकमंडळी ते वाचत. घरात बसून मिसेस फिस्क वाचत होत्या, एकांकिका लिहीत होत्या आणि वाचता वाचता त्यांच्या हातात नॉर्वेजियन नाटककार इब्सेन आला.

त्या वेळच्या अमेरिकेत इब्सेन हे प्रतिष्ठित घरात चारचौघांत घेण्यासारखं नाव नव्हतं. 1883 मध्ये हेलेना मॉजेस्का या पोलिश अभिनेत्रीने केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथे ‘अ डॉल्स हाउस’ केलं, पण नाटकाचं नाव बदलून ‘थोरा’ ठेवावं लागलं आणि शेवटही बदलला. नवरा-बायकोचं मनोमीलन दाखवलं गेलं. घराचं दार लावून बाहेर पडणारी नोरा दाखवायची हिंमत झाली नाही. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे विल्यम विंटर हे त्या काळातले सगळ्यांत वजनदार समीक्षक. त्यांना इब्सेनचा मनापासून तिटकारा होता. (हीच नोरा पुढे अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून मराठी रंगभूमीवर आली, तेव्हा आपल्याकडेही ती सोपी पाहुणी नव्हती.) अशा हवेत 1894 मध्ये मिसेस फिस्क यांनी न्यूयॉर्कच्या एम्पायर थिएटरात एका मदतीच्या प्रयोगासाठी नोरा केली. ‘कॅप्रिस’मधली गाणं म्हणणारी पोरगी ज्यांच्या लक्षात होती त्यांना हे माणूसच नवीन वाटलं. त्यांनी उच्चरवाने काही म्हटलं नाही, हातवारे केले नाहीत. एक बाई विचार करताना दिसली. त्या काळच्या रंगभूमीवर विचार करताना दिसणं ही मोठी दुर्मीळ गोष्ट होती.

तीन वर्षांनी, 2 मार्च 1897 रोजी, फिफ्थ अव्हेन्यू थिएटरात ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ आलं. टॉमस हार्डीच्या कादंबरीचं हे नाट्यरूप लॉरिमर स्टॉडर्ड या तरुण लेखकाने केलं होतं. फसवली गेलेली, समाजाने टाकलेली आणि शेवटी खून करून फासावर जाणारी खेड्यातली मुलगी ही काही नेहमीची नायिका नव्हे. टेस गाजली. मिसेस फिस्क आता देशातल्या पहिल्या रांगेतल्या अभिनेत्री झाल्या आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्यापुढे ती सहा माणसं उभी राहिली.

आता या सहा माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांची पद्धत समजल्याशिवाय मिसेस फिस्क यांनी काय पणाला लावलं ते कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत थिएटराची स्वतःची नटमंडळी असायची. बाहेरून एखादा नामवंत नट यायचा आणि त्या मंडळींबरोबर काम करून पुढे जायचा. रेल्वेचं जाळं पसरलं तसं हे बदललं. न्यूयॉर्कमध्ये एक नाटक बसवायचं, नट, पडदे, कपडे, सामान सगळं आगगाडीत भरायचं आणि देशभर हिंडायचं. मोठ्या शहरात आठवडाभर, लहान गावात एकच रात्र. स्थानिक नटमंडळी संपली आणि गावचं थिएटर म्हणजे नुसती इमारत उरली. तिच्या मालकाला सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत नाटकं हवी असत. ती मिळवायला तो उन्हाळ्यात न्यूयॉर्कला यायचा आणि युनियन स्क्वेअरच्या आसपास कंपन्यांच्या मॅनेजरांना गाठून तारखा ठरवायचा. व्यवहारात गोंधळ फार. एकाच रात्रीसाठी मालक दोन कंपन्यांना शब्द देऊन ठेवायचा, कारण एखादी न येण्याची शक्यता असायची; कंपन्याही दोन गावांना शब्द द्यायच्या. मग कुणीतरी रिकाम्या थिएटरासमोर किंवा भरलेल्या थिएटराबाहेर उभं राहायचं.

या गोंधळाला आवर घालायला म्हणून 1896 मध्ये चार्ल्स फ्रोमन, अल हेमन, मार्क क्लॉ, एब अर्लँगर, सॅम्युएल निक्सन आणि फ्रेड झिमरमन असे सहा जण एकत्र आले. यांच्या हातात मिळून तीसहून अधिक पहिल्या दर्जाची थिएटरं होती. लोक त्यांना नुसतं ‘सिंडिकेट’ म्हणू लागले. त्यांनी नियम घातला की आमच्या थिएटरांत खेळायचं असेल तर फक्त आमच्याच थिएटरांत खेळा. आणि थिएटरमालकाला सांगितलं की आमची नाटकं हवी असतील तर सगळ्या तारखा आमच्याकडूनच घ्या. एकदा हे जमलं की दोन्ही बाजूंकडून दलाली सुटत नाही.

यातली हुशारी वेगळीच होती, आणि ती मला नेहमी खटकत आली आहे. देशातलं प्रत्येक थिएटर ताब्यात घ्यायची त्यांना गरजच नव्हती. न्यूयॉर्कहून शिकागोला किंवा शिकागोहून पश्चिमेला जाणाऱ्या कंपनीला वाटेतली पाचसहा गावं करावीच लागतात, नाहीतर शेकडो मैलांचं भाडं आणि पन्नास माणसांचा रोजचा पगार अंगावर पडतो. मधल्या गावांचा गल्ला मोठ्या शहराच्या प्रवासाला पोसतो. सिंडिकेटने रेल्वेमार्गावरची ही मोक्याची गावं धरली. मोठ्या शहरात एखाद्याचं स्वतःचं थिएटर असलं तरी तिथवर पोहोचण्याचा रस्ता यांच्या अंगणातून जायचा. शिवाय गावात चांगलं थिएटर बहुधा एकच असे. ते बंद म्हणजे गाव बंद. काही वर्षांत त्यांच्या यादीत शेकडो थिएटरं जमा झाली.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी घोळ खरोखरच निस्तरला. तारखा पाळल्या जाऊ लागल्या, प्रवासाचे मार्ग सरळ झाले, लहान गावात चांगलं नाटक वेळेवर येऊ लागलं. बऱ्याच नटांना आणि मालकांना हे हवंच होतं. पण कोणतं नाटक देशाने पाहायचं याचा निर्णय एका ऑफिसात होऊ लागला, आणि त्या ऑफिसात बसणाऱ्या अर्लँगर यांना चालणाऱ्या मालाची पारख होती, साहित्याची नव्हती. इब्सेनची नाटकं तिथे कोण मागणार?

सुरुवातीला विरोध करणारे बरेच होते. जोसेफ जेफरसन, रिचर्ड मॅन्सफील्ड, नॅट गुडविन, फ्रान्सिस विल्सन, जेम्स हर्न अशी वजनदार नावं होती. मॅन्सफील्ड तर पडदा पडल्यावर रंगमंचाच्या पुढे येऊन प्रेक्षकांसमोर सिंडिकेटविरुद्ध भाषणं करायचे. मग हळूहळू कुणाला चांगले मुक्काम मिळाले, कुणाला रकमेत हिस्सा मिळाला आणि एकेक जण गळत गेला. 1898 पर्यंत मॅन्सफील्डही पलीकडे गेले होते. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही; नाटकवाल्याच्या मागे पन्नास पोटं असतात. पण फिस्क दांपत्याने सही केली नाही. हॅरिसन यांनी ‘मिरर’मधून आठवड्यामागून आठवडा सिंडिकेटचे व्यवहार छापायला सुरुवात केली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे दावे लागले आणि साप्ताहिकाच्या जाहिराती आटल्या.

मिसेस फिस्क यांचा लढा याहून कष्टाचा होता, कारण तो रोज रात्री द्यावा लागत होता. गावातलं मुख्य थिएटर बंद असलं तर त्या दुय्यम थिएटरात खेळत, जिथे एरवी स्वस्त मेलोड्रामा चालायचे. तेही नसलं तर सार्वजनिक सभागृहात, स्केटिंगच्या हॉलमध्ये. जिथे पडदा टांगायला तुळई नाही, नटांना रंगायला धड खोली नाही, दिवे कसेबसे लागतात, अशा जागी इब्सेनचं ‘हेडा गॅब्लर’ उभं करायचं. या नाटकात सगळं काही नजरेवर, थांबण्यावर, हळू बोललेल्या एका वाक्यावर चालतं. स्केटिंगच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर काय ऐकू गेलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. तरी लोक येत होते. 1905–06 च्या दौऱ्यात थोर फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट सिंडिकेटच्या विरोधकांच्या बाजूने आल्या, तेव्हा टेक्सासमध्ये त्यांना थिएटरं मिळेनात. त्यांनी प्रचंड तंबू उभारून प्रयोग केले. ती गोष्ट जगभर गाजली. मिसेस फिस्क तोच त्रास त्याआधीपासून, एवढ्या गाजावाजाशिवाय, सोसत होत्या.

न्यूयॉर्कचंही दार बंद होत आलं. ज्या फिफ्थ अव्हेन्यू थिएटरात ‘टेस’ झालं आणि 1899 मध्ये ‘बेकी शार्प’ झालं, ते 1900 मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि तिथे करमणुकीचे सटरफटर कार्यक्रम सुरू झाले. (थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’वरून लँग्डन मिचेल यांनी लिहिलेलं ‘बेकी शार्प’ हे मिसेस फिस्क यांचं सगळ्यांत लोकप्रिय काम. त्यात मॉरिस बॅरिमोर त्यांच्यासोबत होते.) तेव्हा 1901 मध्ये हॅरिसन यांनी ब्रॉडवे आणि तेहतिसाव्या रस्त्याच्या नाक्यावरचं मॅनहॅटन थिएटर भाडेपट्ट्याने घेतलं. इमारत जुनी होती, पण तिच्या तारखा त्यांच्या स्वतःच्या हातात होत्या. पुढची पाच वर्षं त्या जागेत जे घडलं ते मला या सगळ्या चरित्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्या काळी नामवंत नट आपल्याभोवती मुद्दाम मध्यम दर्जाची माणसं घेत असे, म्हणजे प्रकाश आपल्यावरच राहतो. मिसेस फिस्क यांनी उलट केलं. ‘मॅनहॅटन कंपनी’त दोन वाक्यांच्या भूमिकेलाही त्या चांगला नट शोधत. तालमी स्वतः घेत, आणि त्यात आपलं काम झाकून दुसऱ्याचं काम वर आणत. 1903 मध्ये इथेच ‘हेडा गॅब्लर’ झालं. 1904 च्या ‘लिया क्लेश्ना’ या चोराच्या मुलीवरच्या नाटकात जॉर्ज आर्लिस यांच्यासारखे कसलेले नट होते, आणि महत्त्वाच्या प्रसंगांत नायिका बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली असे. तिकीट काढून मिसेस फिस्क यांना पाहायला आलेल्या माणसाला ही पाठ पाहावी लागायची. काहींना राग येई. पण ज्याच्याकडे त्या पाहत असत त्याच्याकडे सगळं थिएटर पाहू लागे, आणि त्यांना तेच हवं होतं.

त्यांच्या बोलण्यावर तर खूप टीका झाली. त्या भरभर, तुटक बोलत. एखादं वाक्य जवळजवळ पुटपुटत, मग अनपेक्षित जागी थांबत. टाळीचं वाक्य आलं की नटाने पुढे येऊन आवाज चढवायचा, टाळी घ्यायची आणि मग पुढे जायचं, ही चालत आलेली रीत. त्या टाळीच्या वाक्यावरून अशा सरकून जात की टाळी वाजवायला जागाच उरत नसे. ऐकू येत नाही अशी तक्रार समीक्षक वर्षानुवर्षं करत राहिले. फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स या वर्तमानपत्री लेखकाने त्यांच्या तुटक बोलण्यावर एक विनोदी कविताच केली. मला वाटतं, या तक्रारीत तथ्य असावं; इतकी माणसं उगाच बोलत नाहीत. पण माणसं खरोखर बोलतात तसं रंगमंचावर बोलायचं तर काय गमवावं लागतं, हे आधी कुणीतरी करून पाहायलाच हवं होतं.

आणि मग 1908 मधलं ‘साल्व्हेशन नेल’. लेखक एडवर्ड शेल्डन फक्त बावीस वर्षांचा, हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात शिकलेला. नामवंत अभिनेत्रीने एका विद्यार्थ्याचं नाटक उचलावं, तेही न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्तीतलं, हे धाडसच होतं. नेल एका दारूच्या गुत्त्यात फरशी पुसणारी बाई. तिचा माणूस दारुडा. त्याच्या हातून खून होतो आणि तो तुरुंगात जातो. नेल मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, जाते आणि तिथे उभी राहते. रंगमंचावर गुत्ता असा हुबेहूब उभा केला होता की त्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. पण लक्षात राहिला तो पहिल्या अंकातला एक प्रसंग. दारूने झिंगलेल्या त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन नेल जमिनीवर बसते, आणि कितीतरी मिनिटं एक शब्द बोलत नाही, हलतसुद्धा नाही. भोवती गुत्त्यातली वर्दळ चालू आहे, इतर माणसं बोलत आहेत, भांडत आहेत. पाहणारे मात्र त्या बसलेल्या बाईकडे पाहत राहतात. मेरी गार्डन ही त्या वेळची विख्यात ऑपेरागायिका हे नाटक पाहायला आली होती. असं काहीच न करणं आपल्याला जमलं तर काय हवं, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याचं अलेक्झांडर वुलकॉट यांनी नोंदवलं आहे. वुलकॉट यांनी 1917 मध्ये मिसेस फिस्क यांच्याशी झालेल्या गप्पांचं एक पुस्तक काढलं. त्यात त्या अभिनयाला शास्त्र म्हणतात. आवाजाची मेहनत आधी, प्रेरणा नंतर, असं त्यांचं म्हणणं होतं.

सिंडिकेटचं पुढे काय झालं? ते एका बाईच्या हट्टाने मोडलं असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. डेव्हिड बेलास्को हे मोठे निर्माते त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेले. शुबर्ट बंधूंनी आपली वेगळी साखळी उभी केली, आणि ती सिंडिकेटला पुरून उरली. पुढे तेच नवे मक्तेदार झाले. 1909 च्या सुमारास सिंडिकेटने बेलास्को आणि फिस्क यांच्याशी जुळवून घेतलं. 1910 च्या मार्चमध्ये मिसेस फिस्क लायसियम थिएटरात इब्सेनचं ‘पिलर्स ऑफ सोसायटी’ करत होत्या. त्याच वर्षी लहान गावांच्या थिएटरमालकांनी फुटून जो पैसे देईल त्याच्यासाठी आपली दारं उघडी केली, आणि मधल्या गावांची ती साखळी तुटली. चार्ल्स फ्रोमन 7 मे 1915 रोजी ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर समुद्रात गेले. मॅनहॅटन थिएटर तर केव्हाच राहिलं नव्हतं. 1906 मध्ये भाडेपट्टा संपला, पुढे इमारत पाडली गेली आणि त्या जागी गिंबल्सचं अवाढव्य दुकान आलं.

या लढ्याने फिस्क यांचे पैसे खाल्ले. हॅरिसन यांनी 1911 मध्ये ‘मिरर’ सोडलं आणि नंतर त्यांचं दिवाळं वाजलं. मिसेस फिस्क यांना उतारवयात दौरे करत राहावं लागलं त्यामागे कलेची ओढ होती तशी ही गरजही होती.

रंगमंचाबाहेर त्यांचा जीव अडकला होता तो मुक्या प्राण्यांत. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर शुभ्र बगळ्यांची नाजूक पिसं लावायची फॅशन होती. ही पिसं पक्ष्याला फक्त विणीच्या हंगामात येतात, म्हणजे शिकारी नेमका पिल्लं घरट्यात असतानाच आईबाप मारायचा आणि पिल्लं उपाशी मरायची. 1903 मध्ये अशा पिसांच्या एका औंसाला 32 डॉलर मिळत होते, सोन्याच्या दीडपट. नटीने काय घातलं ते पाहून हजारो बायका खरेदी करतात, हे मिसेस फिस्क यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पिसं घालायचं नाकारलं आणि दौऱ्यात गावोगाव त्यावर बोलत राहिल्या. पोलादी जबड्याच्या सापळ्यांत पाय अडकून दिवसचे दिवस तडफडणारे प्राणी, पश्चिमेच्या कुरणांत हिवाळ्यात चाऱ्यावाचून मरणारी गुरं, यांच्यासाठीही त्यांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या, पुढाऱ्यांच्या भेटी घेतल्या. 1913 मध्ये अमेरिकेने अशा पिसांच्या आयातीवर बंदी घातली. त्यामागे फार मोठी चळवळ होती आणि त्या चळवळीतला हा एक ठाम, सगळ्यांच्या ओळखीचा आवाज होता.

एक गोष्ट मात्र मला अवघड जाते, आणि ती टाळून पुढे जाणं योग्य नाही. ऑगस्ट 1919 मध्ये अमेरिकेतल्या नटांनी संप केला. निर्माते आठवडेच्या आठवडे बिनपगारी तालमी करून घेत, दौऱ्यावर नाटक पडलं की नटांना परक्या गावात सोडून देत, कपडे नटांनाच आणायला लावत. याविरुद्ध ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही संघटना उभी राहिली. महिनाभर ब्रॉडवेवर थिएटरं बंद राहिली आणि नट जिंकले. या लढ्यात मिसेस फिस्क निर्मात्यांच्या बाजूने, जॉर्ज कोहॅन यांच्या ‘फिडेलिटी लीग’मध्ये होत्या. म्हणजे ज्या अर्लँगर यांच्याशी त्या बारा वर्षं झुंजल्या, त्यांच्याच गोटात. त्यांची बाजू समजून घ्यायचा मी प्रयत्न केला आहे. कलावंताने कुणाच्याही नियमाला बांधून घेऊ नये, मग ते नियम मालकांचे असोत की संघटनेचे, अशी त्यांची धारणा होती, आणि ‘आमचा सभासद नसेल त्याच्याबरोबर काम करणार नाही’ हे संघटनेचं बोलणं त्यांना सिंडिकेटच्याच करारासारखं वाटलं असावं. पण त्या स्वतः आपली कंपनी चालवू शकत होत्या. पंधराव्या रांगेतल्या नटीला, जिला परतीचं तिकीटही मिळत नव्हतं, तिला संघटनेशिवाय कोण होतं? तीन वर्षांच्या वयापासून फिरत्या कंपनीत वाढलेल्या बाईंना हे दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोकांच्या मनातलं त्यांचं स्थान त्याने ढळलं नाही. 1923 मध्ये महिला मतदारांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी अमेरिकेतल्या बारा थोर हयात स्त्रियांची यादी झाली. तीत समाजसेविका जेन अ‍ॅडम्स होत्या, खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी जंप कॅनन होत्या, कादंबरीकार एडिथ व्हॉर्टन होत्या, आणि नाट्य अभिनयासाठी मिसेस फिस्क होत्या.

त्यांचं काम आज पाहायचं तर फारसं काही हाती लागत नाही. 1913 मध्ये त्यांनी ‘टेस’चा मूकपट केला, तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि खेड्यातल्या कोवळ्या मुलीची भूमिका कॅमेऱ्यासमोर करत होत्या. तो चित्रपट हरवला आहे. 1915 मध्ये एडिसन कंपनीसाठी ‘व्हॅनिटी फेअर’ केला. चित्रपटाचा आणि त्यांचा संबंध तेवढाच. गंमत म्हणजे, ज्या बाईंना रंगमंचावर हळू आवाजात बोलण्यासाठी आयुष्यभर बोल लावला गेला, त्यांचा अभिनय पुढच्या काळातल्या बोलपटाला जवळचा होता. पण बोलपट आला तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती.

1927 मध्ये त्यांनी इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मधली मिसेस अ‍ॅल्व्हिंग केली, एकसष्टाव्या वर्षी. तोपर्यंत जुन्या दौऱ्यांचं जग विरत चाललं होतं. ज्या गावांच्या तारखांसाठी एवढं रण माजलं होतं तिथली थिएटरं एकेक करून सिनेमावाल्यांकडे गेली होती. पडद्यामागच्या दोर-कप्प्या काढून पांढरं कापड लावलं गेलं होतं. जिथे अजून रंगमंच शाबूत होता तिथे त्या आगगाडीने जात राहिल्या. 1931 पर्यंत त्या काम करत होत्या. 15 फेब्रुवारी 1932 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, हॉलिस इथल्या घरी, हृदयविकाराने त्या गेल्या.